खेळ

भोसरीत, टी ब्लॉकच्या दुसऱ्या मजल्यावर
परत आलेले कंट्रोलर ट्रेमध्ये मांडून ठेवलेत.
सत्तेचाळीस. सगळे स्कूटरचे.
कुणाची गाडी मोशीच्या पुढे बंद पडली,
कुणाची नाशिक फाट्याच्या पुलावर, ऐन चढाला.
मायक्रोस्कोपखाली दिसते ती पिनेच्या पायाशी,
डाखातली भेग,
नखाला उभी पडते तशी.

दोन बोर्ड समोरासमोर,
मध्ये कनेक्टरच्या दोन जोड्या.
पहिली जोडी बसली की दुसरी
केसभर बाजूला उभी राहते.
कुंदा लांडगे सहा महिने सांगत होती,
"मॅडम, बसतं. पण दाबून बसतं."
आम्ही तिच्या अंगठ्याचा घट्टा पाहिला नाही,
ड्रॉइंग पाहिलं.
ड्रॉइंगमध्ये सगळं बरोबर होतं.
दाबून बसलेलं तसंच स्क्रूनं आवळलं,
आणि रस्त्यावर सोडलं,
प्रत्येक खड्ड्याला थोडं थोडं तुटायला.

माझे वडील टर्नर. चिंचवडला,
बत्तीस वर्षं एकाच लेथवर.
खेळ हा शब्द आमच्या घरात
मैदानाशी कधी जोडला गेला नाही.
बेअरिंगला खेळ आलाय. स्लाइडला खेळ आहे, आवळ.
खेळ म्हणजे दोष, खेळ म्हणजे
मालकासमोर खाली गेलेली मान.
घरी कुकरचं हँडल हललं नाही,
खाटेचा पाय हलला नाही,
आणि माझी कॉलेजची सहल
आळंदीच्या पुढे गेली नाही.

नवं सँपल आलं तेव्हा मी चिमट्यानं उचललं.
घराचे दोन भाग: एक बोर्डाला पक्का,
दुसरा वळणदार पातळ पट्ट्यांवर तरंगणारा.
तोंडाशी उतार, म्हणजे तिरकी आलेली पिन
घसरत घसरत आपल्या जागी जाते.
इकडे अर्धा मिलिमीटर, तिकडे अर्धा.
मुलामा सोन्याचा, पण
फक्त स्पर्श होतो तेवढ्यापुरता.
कुंदानं एकदाच लावून पाहिलं,
अंगठा पांढरा न पडता.
"आता हे ऐकतंय," म्हणाली,
आणि पुढचा ट्रे ओढला.

सँपल घरी न्यायची परवानगी नसते.
मी नेलं.
निगडीच्या गॅलरीत वाटाणे सोलता सोलता
बाबांनी ते तळहातावर घेतलं, नखानं ढकललं.
"हलतंय."
"हो."
"रिजेक्ट."
म्हटलं, बाबा, खेळ मुद्दाम ठेवलाय.
बोर्ड तापतो, वाढतो, थरथरतो,
भोकं कधीच तंतोतंत समोर येत नाहीत;
हे मधलं हलतं, म्हणून डाख तुटत नाही.
"किती हलतं?"
"अर्धा मिलिमीटर."
त्यांनी मनात सुताचा हिशेब केला.
"सुताचा सहावा हिस्सा,"
बोटांत एक वाटाणा तसाच धरून म्हणाले,
"एवढ्यासाठी गोरखचा जॉब
सगळ्यांदेखत भंगारात फेकला होता मी.
शिकाऊ होता. सोमवारी आलाच नाही."
मग बराच वेळ शेंगांचाच आवाज.
"आणि करंट? हलताना तुटत नाही?"
"आठ तास हादरवलं आम्ही. नाही तुटला."
"बघ हं," म्हणाले. कुणाला, कळलं नाही.

रात्री पाणी प्यायला उठले तर दिवा चालू,
टेबलापाशी ते, जुनं भिंग डोळ्याला,
आणि नखानं हळूच
इकडे, तिकडे.

सकाळी डब्याशेजारी सँपलची पिशवी,
तिच्यावर चिकटपट्टी, तिच्यावर
त्यांचं ते पट्टीनं आखल्यासारखं अक्षर:
तपासले. ढिले आहे. चालेल.
खाली सही.
तारीख एका दिवसानं चुकलेली.

मी ती तशीच स्टोअरमध्ये जमा केली.